अर्ध्यावर आणलेली बाटली

माझी मोठी बहीण साधी राहायची. कॉटनचे कुर्ते, कानात बारीक खडे, घाटकोपरला बँकेत नोकरी, नाहूरला घर. तिची एकच हौस होती आणि ती डोळ्यांना दिसायची नाही. चाळिशी पूर्ण झाली तेव्हा ती मला मालाडच्या एका मॉलमध्ये घेऊन गेली आणि तिथे तिने एक परफ्यूम मनगटावर मारून घेतला. लवंग इतकी तिखट आली की मी नाकाला रुमाल लावला. ताई म्हणाली, थांब, घाई करू नकोस. दोन-अडीच तास आम्ही नुसत्या हिंडलो. तोवर लवंग मागे सरली, दालचिनी आणि व्हॅनिला वर आली, आणि निघताना तिच्या मनगटाला धुपासारखा, गोडसर, ऊबदार वास येत होता. मगच तिने तो घेतला.

मुंबईच्या घामट हवेत असला भारी वास सहसा कुणी लावत नाही. बँकेतल्या एकीने तिला गरम मसाला म्हणून चिडवलंही. ताईने त्यावर आपला उपाय काढला. उन्हाळ्यात अंगावर मारायचाच नाही, फक्त ओढणीच्या टोकाला, एकदाच. ती मुलुंडला माझ्याकडे येऊन गेली की सोफ्याच्या उशीला दुसऱ्या दिवशीही तो वास असायचा.

तीन वर्षांनी तिला कॅन्सर निघाला. दुसऱ्या केमोनंतर मी तिच्याकडे राहायला गेले होते. भावजींनी चादर काढायला कपाट उघडलं आणि ताईला उलटी झाली. आम्हाला वाटलं, औषधामुळे. ती म्हणाली, "कपाट लावा आधी. माझाच वास मला सहन होत नाहीये."

त्या आठवड्यात आम्ही तिचे सगळे कपडे धुऊन काढले. ओढण्या तर दोन-दोनदा. बाटली तिने माझ्या हवाली केली. टाकू नकोस, बरी झाले की मागून घेईन, असं बजावलं. अर्धी उरली होती.

मी ती माझ्या कपाटात साड्यांच्या मागे ठेवली. टोपण घट्ट असूनही वास यायचा, आणि वास आला की ताई बेसिनवर वाकलेली दिसायची. एका सकाळी मी ती सुक्या कचऱ्यात टाकून दिली. खरं सांगायचं तर मला हलकं वाटलं. तिला तो पुन्हा हवासा वाटेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

पाचेक महिन्यांनी डॉक्टरांनी केमो थांबवली. आता उपयोग नाही, असं त्यांनी भावजींना आणि मला बाहेर बोलावून सांगितलं. औषध बंद झाल्यावर थोडे दिवस ताईच्या तोंडाला चव आली. तिने सोलकढी मागितली, दोन घास भात खाल्ला. आणि फोनवर मला म्हणाली, "माझा परफ्यूम घेऊन ये ना गं."

मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारून मालाडला गेले आणि तशीच बाटली आणली. घरी येऊन बेसिनमध्ये फवारत बसले, ती अर्ध्यावर येईपर्यंत. बोट दुखायला लागलं. नवऱ्याने विचारलं तेव्हा सांगता सांगता रडू आलं. तो म्हणाला, खरं सांगून टाक तिला. मला धीर झाला नाही.

ताईच्या मनगटाचं नुसतं हाड राहिलं होतं. मी तिथे हलकेच एकदा मारला. तिने मनगट नाकाशी नेलं, डोळे मिटले. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "हो. हाच."

माझ्या जिवात जीव आला. मग तिने माझा हात ओढून घेतला आणि माझ्याही मनगटावर मारायला लावला. संध्याकाळपर्यंत मी तिच्याजवळ बसून होते. तिच्या अंगावर तो ऊबदार होत गेला. माझ्या अंगावर लवंग तशीच राहिली.

त्यानंतर सतरा दिवसांनी ती गेली.

तेरावं झाल्यावर मी तिची खोली आवरायला घेतली. बाटली उशाशी होती. ती हातात धरून मी भावजींना सगळं सांगितलं, जुनी बाटली टाकून दिल्यापासून. ते खिडकीपाशी उभे होते. त्यांना नवल वाटलं नाही.

"तिला कळलं होतं," ते म्हणाले. "त्या दिवशी तू गेल्यावर मला म्हणाली, माझ्या बाटलीतली लवंग केव्हाच मऊ झाली होती, ही नाकाला झोंबते. नवीन आणलीय तिने. तिच्याकडे काही बोलू नकोस, उगाच मनाला लावून घेईल."

मी पलंगाच्या कडेला बसले. ते सतरा दिवस मी रोज तिच्याकडे जायचे आणि ताई माझ्याकडून तो लावून घ्यायची, अगदी शेवटी हात उचलवत नव्हता तेव्हासुद्धा. ती माझ्यासाठी लावून घेत होती, की तिला खरंच आवडत होता, असं मी भावजींना विचारलं. त्यांनाही ते माहीत नव्हतं.