लटकनवरून गाव पेटलं तेव्हा

दर सात मिनिटांनी चोवीस माणसं घसा फुटेस्तोवर ओरडतात, खाली उतरतात, आणि प्रत्येकाला मलाच काहीतरी सांगायचं असतं. माझ्या नोकरीत किस्से साठवावे लागत नाहीत हो, आपोआप ढीग लागतो!

विट्याजवळच्या आमच्या गावात पार्क आहे. मालक आमच्याच गावचे. तीस वर्षं तमिळनाडूत गलाई केली, म्हणजे जुनं सोनं गाळून शुद्ध करायचा धंदा, आणि परत येऊन पार्क काढला. सगळे त्यांना शेठ म्हणतात. त्यांनी नवीन राइड आणली. लांबलचक लोखंडी दांडा, खाली गोल कडं, कड्यावर चोवीस खुर्च्या. घंटेच्या लोलकासारखं ते हलतं आणि स्वतःभोवती फिरतंही. बोर्डावर लिहिलंय ‘गरुडझेप’. गाव म्हणतं ‘लटकन’.

मी आयटीआयची इलेक्ट्रिशियन. लटकनची ऑपरेटर म्हणून लागले, आणि त्याच आठवड्यात गावाचे दोन तट पडले. स्टॉलवाले आणि तरणी पोरं म्हणाली, लटकन पाहिजे. बाकीचे म्हणाले, गोंगाट नको.

पहिली तक्रार हवालदार तात्यांची. फौजेतून रिटायर झालेले, आवाज अजून परेडचाच.

“लटकनच्या आवाजानं माझ्या म्हशीनं पान्हा चोरला! चार दिस झालं, निम्मंबी दूध न्हाई!”

मी केबिनमधून डोकं बाहेर काढलं. “आवं तात्या, लटकन अजून सुरूच न्हाई झालं. ट्रायल सोमवारी हाय.”

तात्या म्हणाले, “म्हस हुशार हाय माझी. तिला आधीच कळलं!”

*

विरोधकांची पुढारी कोण? हौसाक्का. म्हणजे माझ्या आत्ती. सख्ख्या सासूबाई!

नवरा जम्मूला फौजेत, घरात आम्ही दोघीच. सकाळी आत्ती माझा डबा भरून द्यायच्या, आणि मी गाडीला किक मारेपर्यंत आडवाटेनं जाऊन पार्कच्या गेटवर ठाण मांडायच्या. मागं पंचवीसेक बायका.

“लटकन हटवा!”

“हटवा, हटवा!”

मी मान खाली घालून आत शिरायला लागले की घोषणा मध्येच तोडून आत्ती ओरडायच्या, “सुनंदे, ठेचा वरल्या खणात हाय गं! डबा आडवा धरू नगंस!”

आणि लगेच पुढची घोषणा!

*

एक तक्रार मात्र खरीच गंभीर होती. बायका म्हणाल्या, वरून आमच्या परसातल्या न्हाण्या दिसतात.

ग्रामसभेनं ठरवलं, भरवशाचा माणूस वर पाठवायचा. तात्या तयार झाले. छाती काढून बसले. मी हिरवं बटण दाबलं. खाली आल्यावर सरपंचांनी विचारलं, “काय दिसलं?”

“काय बी न्हाई.”

“म्हंजी न्हाण्या दिसत न्हाईत?”

“ते कसं सांगू? डोळं उघडलं आसतं तर सांगितलं आसतं!”

मग बटण मॅनेजरच्या हवाली करून मीच वर गेले. खाली उतरून सगळ्यांसमोर सांगितलं, “दिसतात. बायका बोलतात ते खरं हाय.” शेठनी माझ्याकडं असं बघितलं, की मनात म्हटलं, गेली नोकरी! पण माणूस शहाणा. आठवडाभरात त्या बाजूला उंच पत्र्याची भिंत उभी राहिली.

मी खरं बोलले त्याच्या दुसऱ्या दिवशी आत्तींनी भरलेल्या डब्यात तुपाची वाटी होती.

*

पुढच्या ग्रामसभेत विरोधकांनी शेठना एवढं डिवचलं, एवढं डिवचलं, की त्यांचं मराठी संपलं आणि तमिळ सुरू झालं! त्यांना वाटलं असेल, कुणाला कळणार नाही. पण आमच्या गावातले निम्मे बाप्ये गलाईच्या धंद्यात तिकडंच उमेदवारी करून आलेले. मागच्या रांगेतून तमिळमध्येच उत्तर आलं! मग त्याला उत्तर, त्याला उत्तर. अर्धा तास आमची ग्रामसभा तमिळमध्ये भांडली. आम्ही बायका नुसत्या तोंडाकडं बघत बसलो.

ग्रामसेवकांनी वहीत लिहिलं, ‘विषयावर सखोल चर्चा झाली.’

*

एका रविवारी मिरजेचे एक चाचा नातवंडांना घेऊन आले. तंबोरे बनवणारे. सकाळपासून लटकनजवळच्या बाकावर बसून होते. दुपारी माझ्या खिडकीशी आले.

“बेटी, सकाळी हे सुरात होतं. आता आत कुणीतरी बेसूर झालंय. दर झोक्याला, त्याच जागी.”

मी कान दिला. मला काहीच ऐकू येईना. लटकन बसवून देणाऱ्या पुण्याच्या इंजिनिअरना फोन लावला. ते म्हणाले, “पॅनलवर सगळे दिवे हिरवे आहेत ना? मग चालू ठेवा.”

रांग गेटपर्यंत गेलेली. चाचांच्या चेहऱ्याकडं बघितलं. त्या माणसाला शंका नव्हती. फेरी संपवून सगळ्यांना उतरवलं आणि लाल बटण दाबलं. रांगेतल्यांनी माझा उद्धार केला, मॅनेजर अंगावर धावून आला. मी जागची हलले नाही.

संध्याकाळी मेकॅनिकनं खोललं. मुख्य बेअरिंगला केसाएवढी चीर!

इंजिनिअरनी फोनवर विचारलं, “सेन्सरला जे सापडलं नाही ते तुम्ही कुठल्या मशीननं पकडलंत?”

म्हटलं, “मिरजेच्या कानानं, साहेब!”

*

बेअरिंग नवीन बसलं, तपासणी झाली. पण चिरेची बातमी गावभर झाली आणि खास ग्रामसभा बसली. विरोधकांना जोर चढला. शेठ घाबरले. हात जोडून म्हणाले, “गावानं सांभाळून घ्यावं. आता लटकनवर बाई ठेवणार न्हाई. पुण्यासनं शिकलेला माणूस आणतो.”

मी ताडकन उभी राहिले.

तेवढ्यात आत्ती उठल्या. पदर खोचला.

“शेठ, लटकन मला कालबी नको हुतं, आजबी नको हाय. पर पुण्याच्या माणसानं फोनवर सांगितलं, चालू ठेवा. बंद कुणी केलं? माझ्या सुनंनं! त्यो सांगाडा हितं ऱ्हाणार आसंल, तर बटणावर हात तिचाच पायजे. दुसऱ्याच्या भरवशावर गावची लेकरं वर चढवायची न्हाईत!”

शेठ खाली बघत म्हणाले, “आक्का म्हणत्यात तसं.”

सरपंचांनी विचारलं, “सुनंदा ऑपरेटर ऱ्हाणार. मग लटकन ठेवायचं म्हणणारे कोण?”

पहिला हात तात्यांचा. मग स्टॉलवाले, पोरं. मग गेटवर घोषणा देणाऱ्या त्या पंचवीस बायका, एकीमागून एक.

“आणि विरोधात?”

अख्ख्या सभेत एकच हात वर. आत्तींचा. ताठ! तो खाली न घेताच त्या माझ्याकडं वळल्या.

“बस की खाली, सुनंदे. उद्या डूटी हाय न्हवं?”