कागदावरचं तिसरं कलम

ती घटना विसरले असते तर बरं झालं असतं. विसरले नाही. एकोणीसशे साठनंतरची गोष्ट. मी पांढरकवड्याकडच्या एका ठाण्यात शिपाई होते. शिक्षण चौथी. ठाण्यात बाई मी एकटीच, म्हणून बायकांची झडती माझ्याकडे.

खबऱ्याने बातमी आणली की एका बंजारा तांड्यात बाजाराच्या दुसऱ्या दिवशी माणसं जमतात आणि कागदावर अंगठे उठवतात. फौजदारसाहेबांना वाटलं, दरोड्याची टोळी. भर दुपारी छापा घातला. बाप्ये रानात पळाले. तांड्याच्या नायकाची सून तेवढी हाती लागली.

तिच्या घागऱ्यावर आरशांखालची शिवण नवी दिसली. मी ती उसवली. आत घडी केलेला कागद. मधे मजकूर, भोवती गोलात अंगठे. नाव एकही नाही.

चौकशीच्या खोलीत साहेब, जमादार, ती आणि मी.

"पहिला अंगठा कोणाचा?" साहेबांनी विचारलं.

"गोलाले पहिला नसते, साहेब."

"शहाणी आहेस. म्होरक्या कोण ते सांग. नाही तर इथंच राहशील."

"राह्यते. मांगच्या साली माही नणंद बी राह्यली होती इथं."

जमादार खिडकीकडे पाहू लागला. त्या नणंदेची झडती जमादाराने स्वतः घेतली होती. मला म्हणाला, दाराबाहेर उभी राहा. मी दार ओढून उभी राहिले. आतून ती 'बाई, बाई' अशी हाक मारत होती. मी हलले नाही.

"तुझ्या हाती सापडला, तूच वाच," साहेब मला म्हणाले. "मी पंचनाम्यात उतरवतो."

मी वाचू लागले. "एक, ठाण्यात कोणी एकटं जाणार नाही. दोन, कारण सांगितल्याशिवाय कोणाला नेऊ देणार नाही. चार..."

"तिसरं राह्यलं, बाई," ती म्हणाली. तिला अक्षर येत नव्हतं. सगळ्या तांड्याने ते पाठ केलं होतं.

साहेबांची लेखणी थांबली. जमादार माझ्याकडे बघत होता. नोकरी गेली तर म्हाताऱ्या आईला घेऊन कुठं जाणार, हाच विचार डोक्यात. पण दुसरं काही वाचायची सोय नव्हती.

"तीन, बाईची झडती बाईनेच घ्यावी. दाराबाहेर उभी राहिलेली बाई त्यात मोजू नये."

"कुठलं दार?" साहेबांनी विचारलं.

तिने बोट दाखवलं नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली.

"याच खोलीचं, साहेब," मी म्हटलं. "मीच होते."

साहेबांनी कागद माझ्या हातून घेतला आणि शेवटपर्यंत स्वतः वाचला. कागदात दरोड्याचा एक शब्द नव्हता. दिवस मावळायच्या आत साहेबांनी तिला सोडलं. मला बदली करून आर्णीला धाडलं. जमादार तिथंच राहिला.

आम्ही टोळी शोधायला गेलो, निघाली तांड्याची संघटना. ती कोणी काढली हे पोलिसांना कधी कळलं नाही. का काढली, ते मला त्याच दिवशी कळलं. जमादारासारखा माणूस एकट्याने काही करू शकत नाही. त्याला दार ओढून घेणारं कोणीतरी लागतं.

पुढे नोकरी संपेपर्यंत झडतीच्या वेळी मी खोलीच्या आत उभी राहिले. कोणी ना कोणी म्हणायचंच, "बाई, बाहेर थांबा." मी थांबत नसे. भीती मात्र दर वेळी वाटायची.