गाईला डॉक्टर आला होता

सुमनला घेऊन गाडी रामनगरला माझ्या दारात थांबली, तेव्हा तिचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. मी चढले, तिचं डोकं मांडीवर घेतलं. बेळगावचा दवाखाना यायच्या आधीच ती गेली... महिना होत आला, आणि भेटायला येणारे अजून सांगतात, ‘नशीब तिचं.’ कसलं नशीब? कितीतरी दिवस ती ताप अंगावर काढत होती, आणि भरल्या घरात कुणी तिच्या कपाळाला हात लावून बघितलं नव्हतं.

माझी ही धाकटी बहीण डोंगरातल्या कुंभारवाडा गावी दिली होती. तिकडं घरोघरी डोंगरात चरून येणाऱ्या लहानखुऱ्या गावठी गाई. तिच्या नवऱ्यानं, परशुरामनं, संकरित गाय आणली आणि तिलाही त्यांच्याबरोबर रानात हाकलली. चढ चढून, उन्हात तापून गाय धापा टाकत परत यायची. पहिल्याच उन्हाळ्यात दूध आटलं आणि हा तिला विकायला निघाला. सुमन आडवी आली. ‘गाय वाईट न्हाई. तिला सावलीत बांधा, पाणी पुढ्यात ठेवा. चारा मी बघीन.’ तेव्हापासून ओल्या गवताचे भारे तिच्या डोक्यावर आले, ते शेवटपर्यंत.

गाय गाभण राहिली, दिवस भरत आले, तरी सासू धार काढायला भांडं घेऊन बसायची. ‘देत्या तर काढायचं का न्हाई?’ सुमननं भांडं काढून घेतलं. ‘पोटात वासरू हाय तिच्या. आता इसावा दिला न्हाई, तर पुढच्या वेताला दूध कुठनं येणार?’ घरात दोन महिने कुणी तिच्याशी धड बोललं नाही. पण पुढच्या वेताला गाय भर उन्हाळ्यातही दुधाला कमी पडली नाही, आणि परशुराम गणेशगुडीच्या लॉजवाल्यांना दूध घालताना ‘आमची गाय’ म्हणून सांगत फिरला.

या पावसाळ्यात एका सकाळी गाईनं वैरण सोडली. परशुराम भर पावसात मोटारसायकलीवरून जाऊन जनावरांच्या डॉक्टरला घेऊन आला. त्याच दिवशी मी सुमनला फोन केला. ‘अक्का, अंग लई मोडून आलंय. जेवण जाईना झालंय. डॉक्टर आलता की, पण गाईला...’ म्हणाली आणि हसली. ते हसणं अजून माझ्या कानात आहे. मी परशुरामला फोनवर बोलावून घेतलं, तिला आजच दवाखान्यात न्या म्हटलं. ‘व्हय अक्का, न्हेतो. गाय जरा सावरू दे. ही दवाखान्यात गेली तर वैरणीचं कोण बघणार?’

गाय सावरली.

तेराव्याला मी गेले, तर अंगणात परशुराम वैतागलेला. ‘ती गेल्यापासनं गाय पान्हा चोरतीया. लाथा झाडती. दूध निम्म्यावर आलंय.’ मग आवाज उतरवून म्हणाला, ‘अक्का, ती कसं करायची, तुमाला ठावं हाय काय?’

मला ठाऊक होतं. मी गोठ्यात गेले. मुक्या जनावराचा काय दोष? कोमट पाण्यानं कास धुतली, पुसली. सुमन करायची तसा पाठीवरून हात फिरवत, तिच्याच हळू आवाजात ‘ये गं बाय’ म्हणत राहिले. गाय मान वळवून बघत राहिली... मग पान्हा सुटला. भांड्यात धार वाजू लागली तसा परशुराम दाराशी आला.

‘काय केलंसा?’

मी मागं वळले नाही. म्हटलं, ‘तिला इचारायचं हुतं, परशुराम. इथंच तर हुती ती.’