फाटकापाशी उंचावलेली काठी

बेरिल ट्रँटरचा जन्म गेला शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे कुस्करण्यात. पण तू कोण असं कुणी विचारलं, तर ती ऐटीत सांगायची, "मी शेपूट!" इंग्लंडातल्या श्रॉपशरमधल्या त्यांच्या पदयात्री मंडळात सगळ्यांत मागे चालायचं, कुणी रेंगाळलं तर पुढे हाकायचं आणि प्रत्येक शेताचं फाटक आठवणीनं लावायचं, हे शेपटाचं काम. मेंढ्या बाहेर पडल्या तर शेतकरी कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

सर्वांत पुढे तिचा नवरा, डेरिक. फाटकाची कडी घातली की बेरिल काठी उंच करायची. दूर चढावर थांबलेला डेरिक टोपी हलवून साऱ्या डोंगराला ऐकू जाईल असा ओरडायचा, "चल गं म्हातारे, चहा निवतोय!" ती तिशीत होती तेव्हापासून तो तिला म्हातारी म्हणत आला होता. ही हाक झाल्याशिवाय मंडळी हलायची नाहीत.

जानेवारीत डेरिक गेला. मे महिन्यात मंडळाची शनिवार-रविवारची सहल आली, तेव्हा लेक फोनवर म्हणाली, "आई, यंदा राहू दे." बेरिल गेलीच. सवयीनं दोघांचा चहा करायचा आणि एक कप मोरीत ओतायचा, त्यापेक्षा चिखल तुडवलेला बरा. तिला फार काही नको होतं. काठी उंच केली की कुणीतरी उलट ओरडावं, एवढंच.

आता पुढारी होता क्लाइव्ह, निवृत्त पोस्टमन. "कशी आहेस, बेरिल?"

"मी ठीक आहे."

"छान, छान," म्हणत तो बुटांच्या नाड्या बांधायला वाकला. वाकला तो बराच वेळ वर आलाच नाही.

ह्या इंग्रज लोकांची तऱ्हाच अशी. दुःखातल्या माणसाला त्रास द्यायचा नाही, गेलेल्याचं नाव काढायचं नाही, हवेबद्दल बोलायचं. कुणाचा गुडघा जास्त दुखतो यावरून बेरिलशी दर वर्षी हुज्जत घालणारी वेंडीसुद्धा मुकाट पुढे निघून गेली. दिवसभर फाटकामागून फाटक आलं, बेरिलनं काठी उंच केली, आणि प्रत्येक वेळी तिला पुढच्यांच्या पाठीवरच्या पिशव्या तेवढ्या दिसल्या.

संध्याकाळी पबच्या ओसरीत ती चिखलाचे बूट काढत होती. आतून वेंडीचा आवाज आला, "उद्या मी चालू का तिच्यासोबत?"

"छे! तिला एकांत हवाय गं," क्लाइव्ह म्हणाला. "बिचारी मुद्दाम मागे राहते, दिसत नाही का तुला?"

'अरे मेल्या, शेपूट आहे मी! मागे नाही तर कुठे राहू?' अगदी ओठांवर आलं होतं. पण बेरिलही शेवटी त्यांच्यातलीच. ती आत गेली, ताटाकडे बघून म्हणाली, "मटार फार शिजवलेत," आणि सगळे सुटल्यासारखे हसले.

रविवारी शेवटचं फाटक आलं. बेरिलनं कडी घातली आणि काठी उंच केली. आणि चढावरच्या क्लाइव्हनं मागे वळून पाहिलं! त्याचा हात टोपीकडे गेला. बेरिलनं काठी आणखी उंच धरली.

क्लाइव्हनं टोपी काढली, छातीशी धरली आणि मान खाली घातली. बाकीचेही माना खाली घालून उभे राहिले. वेंडीनं डोळे पुसले. बेरिल डेरिकचा निरोप घेतेय, असं वाटलं त्यांना. मग तिच्या दुःखात व्यत्यय नको म्हणून पावलांचा आवाजही न करता सगळे टेकडीपलीकडे गेले. जिवंत माणसाला श्रद्धांजली वाहून मोकळे झाले.

बेरिलला संताप आला, मग रडू आलं. हात भरून आला तशी तिनं काठी खाली घेतली आणि कडी पुन्हा एकदा ओढून पाहिली. टेकडीवर आता मेंढ्यांशिवाय कुणी नव्हतं.

"चल गं म्हातारे, चहा निवतोय," ती म्हणाली. कुणी ऐकेल म्हणून इतकं हळू, की तिचं तिलाही नीट ऐकू आलं नाही.