शेलापागोटे वाचणारा

मुरुम गावाजवळच्या एका शाळेत मी मराठी शिकवायचो. स्नेहसंमेलनात शेलापागोटे वाचायचं काम दरवर्षी माझ्याकडंच. मुलं एकमेकांवर निनावी चिठ्ठ्या लिहून डब्यात टाकायची. आदल्या दिवशी मी त्या चाळायचो, जिव्हारी लागणाऱ्या बाजूला काढायचो आणि उरलेल्या माईकवर रंगवून वाचायचो. ज्याच्यावर चिठ्ठी, त्यानं मंचावर येऊन ती घ्यायची.

परवा धाराशिवच्या एका शाळेनं मुलांशी बोलायला बोलावलं. कुणीतरी इन्स्टाग्रामवर बिननावाचं खातं काढून नववीतल्या एका मुलीबद्दल वाट्टेल ते लिहीत होतं. पोरगी जेवेना, शाळेत येईना. त्या दिवशी कशीबशी आली होती. ती कोणती, हे मी विचारलं नाही.

मी बोलायला लागलो तसा मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "सर, गंमत असती वो. लई मनावर घ्यायचं न्हाय."

"तुमच्या टायमाला नव्हतं व्हय असलं?" दुसऱ्यानं विचारलं. वर्ग हसला.

होतं. मग जे घरीही कधी बोललो नव्हतो, ते त्यांना सांगितलं.

माझ्या शाळेत दहावीतल्या एका मुलीच्या चेहऱ्यावर कोड होतं. तिच्यावर चिठ्ठी आली, 'बाईसाहेब, अर्धं तोंड धुवायचं राहिलंय काय?' चाळताना मी ती बाजूला काढली होती. मग परत घेतली. हशा पिकणार, हे मला ठाऊक होतं. पिकलाही. तिनं वर येऊन चिठ्ठी घेतली, तीही हसली. पुढं कितीतरी वर्षं तिला लागलं नव्हतं म्हणून ते हसू मी स्वतःपुढं साक्षीला उभं करत आलो.

ती परत शाळेत आली नाही. वडील दाखला न्यायला आले. म्हणाले, "सर, पोरगी आरशावर कापड टाकून बसती." मी म्हणालो, "वय असतं तसं." शिक्षकांच्या खोलीत मात्र सांगितलं, तिचं लग्न ठरलंय. ते खोटं होतं.

"मग माफी मागितली का न्हाय?" मागचाच आवाज, आता हळू.

"नाही. आधी लाज आडवी आली. मग कळलं, ती आजारानं गेली."

मी पुढं उपदेश करू शकलो नाही.

वर्ग सुटल्यावर एक मुलगी दाराशी घुटमळत राहिली. बाकीचे गेल्यावर तिनं दप्तरातून मोबाईल काढून माझ्यापुढं धरला. "सर, वाचा. पण मोठ्यानं नको."

मी बाकावर बसून सगळं वाचलं.

"घरी दाखवलंस?"

"न्हाय. आई रडंल."

"रडू दे. मी येतो सोबत."

तिनं दप्तर खांद्याला लावलं आणि माझ्यासाठी थांबली. गुडघ्यांमुळं मला उठायला वेळ लागतो.