हिंमत सरचा अर्धा कप

हिंमत सर घरात आला की आधी कॉम्प्युटरच्या डब्यावर दोन थापा मारायचा. गुरांच्या बाजारात दलाल म्हशीच्या पुठ्ठ्यावर मारतो तशा. मग कान देऊन ऐकल्यासारखं करायचा, मान हलवायचा आणि म्हणायचा, "नाना, ड्रायव्हर उडी गया शे." पायातले बूट काढायचा नाही. माझ्या बायकोने सारवलेल्या अंगणातून, पुसलेल्या फरशीवरून तसाच आत.

मागच्या महिन्यात तो गेला. दहाव्याला लोक म्हणत होते, धुळ्यात असा जाणकार माणूस होणे नाही. मेलेल्या माणसाच्या दारात खरं बोलायची रीत नाही. पण मेला म्हणून कोणी हुशार होत नाही. म्हणून इथे लिहितो.

सर कसला? आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्याने कधीकाळी मुलींना टायपिंग शिकवायचा क्लास काढला होता. क्लास बुडाला, सर राहिला. मग त्याच जागेत दुरुस्तीचं दुकान टाकलं. कुठलंही मशीन आणा, त्याचं उत्तर तयार. चालत नसेल तर ड्रायव्हर, हळू चालत असेल तर व्हायरस, आणि दोन्ही सांगून झाले की फॉरमॅट. मी चाळीस वर्षं आग्रा रोडवर ट्रक चालवला. मी त्याला एकदा म्हटलंही, सर, मी ड्रायव्हर, मी कधी उडालो नाही, तुमचाच बरा दर महिन्याला उडतो. तो हसला नाही. त्याला आपल्या धंद्यातला विनोद चालायचा नाही, दुसऱ्याच्या धंद्यातला चालायचा.

बायकोला मात्र त्याचं कौतुक. सुमन तिचं नाव. श्रावणात कानबाई, आमची खानदेशातली देवी, घरोघरी बसली की गाणी सांगायला गल्लीतल्या बाया तिलाच न्यायच्या. नव्या सुनांना ती गाणी येत नाहीत, म्हणून तिने हिंमत सरला बोलावून लेकीच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये आपल्या आवाजात भरून घेतली. एक पूर्ण दुपार तो माईक धरून बसला होता. मी त्याच्या मागून तोंड वाकडं केलं की ती म्हणायची, "त्याले काही बोलू नका. त्याना पोटना धंदा शे." तिच्या अशा बोलण्यानेच असली माणसं माजतात.

त्यानंतरच्या दसऱ्याला तिने माझे जुने पाने-पकड आणि तो कॉम्प्युटर एकाच पाटावर मांडून पुजले. लोखंड म्हटलं की तिच्या हाताला कुंकू सुटायचं. त्यानंतर ती अंथरुणाला लागली आणि मार्गशीर्षात गेली.

माघात मी मशीन लावलं. शेजारच्या सुनेने कुठे दाबायचं ते दाखवलं होतं, तेवढं मला येतं. गाण्याची फाइल सुरू झाली, आकडे पळायला लागले, पण सुमन बोलेना. नुसती खरखर. सिनेमाचं गाणं लावून पाहिलं तर पेटी वाजते, ढोलक वाजतो आणि गाणाऱ्याचा आवाज कुठेतरी विहिरीत. मी हिंमत सरला बोलावलं.

थापा मारल्या. ड्रायव्हर उडाला म्हणाला. नवा टाकला, काही नाही. पुढच्या खेपेला स्पीकर गेलेत म्हणाला, नवे आणले, त्यांची वायर डब्याच्या मागे हात घालून चाचपत खोचली. खाली वाकून बघितलं नाही. पोट आडवं यायचं आणि पँट टाईट. तरीही खरखर. तिसऱ्या खेपेला, ज्येष्ठ लागल्यावर, त्याने खुर्चीत रेलून सांगितलं, "नाना, फाइल मरी गई. बाकी गाणा थोडाफार वाजतंस, हाई वाजत नई, म्हनजे हाईच मरेल शे."

माझी बायको एकदा मेली होती. हा दुसऱ्यांदा मारून मोकळा झाला, आणि वर चहाची वाट बघत बसला. मी केला नाही.

मी म्हटलं, ती फाइल पेनड्राइव्हमध्ये घालून तुमच्या दुकानातल्या मशीनवर लावून बघा. तर म्हणे, मेलेल्या फाइलीत व्हायरस असतो, माझं दुकान बसेल. मी चौथी शिकलेला. इंग्रजी शब्द आला की माझी जीभ टाळूला चिकटते. तो म्हणाला शनिवारी येऊन सगळं पुसतो, बठ्ठं फॉरमॅट मारनं पडी, मशीन नवं होईल. मी हो म्हणालो. स्वतःच्या तोंडाने हो म्हणालो, हे लिहायलाही लाज वाटते.

ड्रायव्हरची एक सवय असते. गाडी गॅरेजला द्यायची असली की आधी आपण पुसून काढायची, आपला देवाचा फोटो, आपली गोधडी उतरवून घ्यायची. शनिवारी सकाळी मी तसाच फडकं घेऊन बसलो. डबा फिरवला तर मागे प्रत्येक भोकाच्या वर हळदीचं बोट, कुंकवाचं बोट. सुमनने दसऱ्याला वायरी काढून एकेका भोकाची पूजा केली होती आणि वायरी परत खोचल्या होत्या. मी फडकं बाजूला ठेवलं. ते काही पुसवेना.

बघत बसलो म्हणून दिसलं. बाकीच्या वायरी आत टेकलेल्या, स्पीकरची हिरवी तेवढी कणभर बाहेर. दाबली, जाईना. ओढून काढली आणि बॅटरी मारली. भोकाच्या तळाशी लाल काहीतरी. मशीन बंद केलं, गोधडीची सुई घेतली आणि हळूहळू टोकरून काढलं. तांदळाचा दाणा. तिची अक्षत. नंतर लेकीने फोनवर सांगितलं की पिन पुरती बसली नाही तर दोन्ही बाजूंचा सारखा आवाज एकमेकाला खातो आणि माणसाचा गळाच जातो. चार महिने हिंमत सर ड्रायव्हर शोधत होता आणि तांदूळ मागे बसून होता.

वायर खोचली, टक् करून बसली. गाणं लावलं. सुमन खाकरली. खाकरली आणि गायला लागली. मी तिथेच फरशीवर बसलो.

तेवढ्यात दारात हिंमत सर, खांद्याला पिशवी, पायात बूट. पुसायला आला होता. त्याने आवाज ऐकला आणि उंबऱ्यावरच थांबला. पहिलं गाणं संपलं. मधे जरा शांत, आणि मग सुमन अगदी जवळून बोलली, "आहो, हिंमतभाऊ कवयना बठेल शे. त्याले चहा द्या ना." त्या दुपारी तो केव्हाचा बसला होता म्हणून मला सांगितलेलं, तेही मशीनने भरून घेतलं होतं.

चार महिने मी ज्या आवाजासाठी जीव टाकला, तो मिळाला आणि पहिलं काम सांगितलं ते या माणसाचं. मी त्याच्याकडे बघितलं. तो पिशवीचा पट्टा ओढत म्हणाला, "मी सांगेल व्हतं ना नाना, हार्डवेअरना प्रॉब्लेम शे." कधी सांगितलं होतं? आयुष्यात नाही. डोळे पुसले त्याने, ते मी पाहिलं. पण बूट काढले नाहीत, तेही पाहिलं.

मी उठलो आणि चहा ठेवला. तिचा शब्द होता.

दाणा मी देव्हाऱ्यात ठेवला आहे. श्रावणात बाया येतात, गाणी ऐकून घोकतात. एकटा असलो की मीही लावतो. पहिलं गाणं संपतं, ती चहाचं सांगते, आणि आता द्यायला हिंमत सर नाही. तरी मी उठतो आणि चहा ठेवतो. बाईचा शब्द मोडवत नाही. पण अर्धाच कप ठेवतो. पुरा कप द्यावा असा तो माणूस नव्हता.