पोत्याला हात नसतात

बक्कलमामांना स्टुलावर उभं राहिलं तरी चक्कर येते, हे सगळ्या इमारतीला ठाऊक आहे. त्यांच्या घरातला दिवा बदलायचा झाला की चौथ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई वर येतात, स्टुलावर चढतात आणि मामा खाली स्टूल धरून डोळे मिटून घेतात. पडायच्या भीतीने घाम फुटतो तो मामांना. बाई वर आरामात दिवा फिरवत असतात.

आणि याच गृहस्थांनी चौतीस वर्षं काय शिवलं असेल? उंचावर काम करणाऱ्यांचे सुरक्षा-पट्टे! मनोऱ्यांवर चढणारे, उंच इमारतींच्या काचा पुसणारे, पुलाखाली लोंबकळून रंग देणारे, अशा लोकांच्या छातीला आणि मांड्यांना आवळलेले असतात ते. पट्ट्याच्या टोकाला शिवणीचा चौकोन आणि चौकोनात फुली. सगळा माणूस त्या फुलीवर लटकतो. "माझ्या फुलीवरचा एकही माणूस खाली आला नाही," असं मामा छाती काढून सांगत. मग जरा विचार करून म्हणत, "म्हणजे आला, पण जिन्याने."

शिवताना बक्कल दातांत धरायची त्यांची सवय. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी बोलताना तोंडात काहीतरी आहे असंच वाटतं. म्हणून बक्कल. आणि मामा म्हणाल तर ते खरे एकाच भाच्याचे, पण एकाचा मामा तो गावाचा मामा, या न्यायाने इमारतीतल्या सत्तरीच्या आजोबांचेही ते मामाच.

त्या भाच्याची आई म्हणजे मामांची थोरली बहीण, आक्का. पाच वर्षांपूर्वी तिचे पाय गेले, तेव्हापासून ती पाचव्या मजल्यावर मामांकडे असते. पाय गेले, पण हात आणि जीभ शाबूत राहिली आणि त्या दोघांनी पायांचं कामही वाटून घेतलं. खिडकीशी बसल्या बसल्या कोण किती वाजता, कुठली पिशवी घेऊन आणि कसलं तोंड करून घरी आलं, याची आक्काकडे बित्तंबातमी. लिफ्ट मर्जीत असेल तेव्हा महिन्यातून एकदा दवाखाना. बाकी जग तिच्यासाठी खिडकीखाली.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग एका दुपारी दुसऱ्या मजल्यावर कढईतल्या तेलाने पेट घेतला. आग म्हणाल तर स्वयंपाकघरापुरती, पण धूर? जिना नुसता चिमणी झाला. लिफ्ट बंद केली गेली. लोक मिळेल ते उचलून खाली पळाले. एकाने तर घाईत दाराबाहेरचं पायपुसणं उचलून आणलं आणि पाऊण तास छातीशी धरून उभा होता. खाली मोजदाद झाली, तेव्हा दोन माणसं कमी. मामा आणि आक्का.

वर मामांनी दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबला होता आणि आक्काच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसले होते.

"तू जा रे खाली," आक्का म्हणाली.

"गप बस."

"अरे, दोघं कशाला? एकाने तरी—"

"आक्का, तू लहानपणी मला मारायचीस, तेवढं बस झालं. आता पुन्हा बोललीस तर मी मारीन."

आग विझली. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईचा हात जरा भाजला, बाकी कुणाला ओरखडाही आला नाही. पण दोन दिवसांनी भाचा आला आणि त्याने टेबलावर कागद ठेवले. शहराबाहेरचा वृद्धाश्रम, तळमजल्याची खोली, दाराला उतार, रात्रंदिवस परिचारिका. मुलगा वाईट नाही हो. दोन रात्री झोपला नव्हता, डोळ्यांखाली दिसत होतं.

"मामा, तू तिला पाच मजले उचलून आणणार आहेस का? या वयात?"

"आणीन."

"कसं?"

मामांनी टेबलावरचे कागद उलटे करून ठेवले. ते म्हणाले, "एक महिना दे."

भाच्याने आईकडे पाहिलं. आक्का खिडकीबाहेर बघत होती, म्हणजे तिला रडू येत होतं. भाचा म्हणाला, "ठीक. महिन्याने रविवारी येतो. तिला जिन्याने सुखरूप खाली आणून दाखव, मी कागद फाडतो. नाहीतर ती माझ्याबरोबर येईल. त्यात मग वाद नाही."

मामा कामाला लागले. मास्तरीणबाई शाळेत खेळ शिकवायच्या. निवृत्तीनंतर रोज पळायचं म्हणून त्यांनी ट्रेडमिल घेतलं होतं आणि त्यावर चार वर्षं ओले कपडे वाळत होते. ते मामांनी मागितलं. "न्या," बाई म्हणाल्या, "माझ्या डोळ्यांसमोरून न्या एकदाचं. रोज मला लाजवतं." त्याचा रबरी पट्टा उभा कापून मामांनी दोन अरुंद पट्टे केले आणि त्यांवर हातभर अंतराने आडव्या जाड पट्ट्या शिवल्या. जुन्या घडीच्या खुर्चीच्या पाठीमागे दोन दांडे, दांड्यांना फिरते रूळ, रुळांवर ते पट्टे. खुर्ची मागे कलती केली की पट्टे पायऱ्यांच्या कडांवर टेकतात आणि ती एकेक पायरी धरत खाली सरकते. मागे मूठ, मुठीला सायकलचा ब्रेक, पण उलटा जोडलेला. मामांनी मूठ दाबून धरली तर खुर्ची चालणार, सोडली तर जागच्या जागी थांबणार. छातीला आणि मांड्यांना पट्टे. टोकाला चौकोन, चौकोनात फुली.

मग चाचणी. कारखान्यात पट्टा तपासायची एकच रीत होती: वाळूचं शंभर किलोचं पोतं बांधायचं आणि वरून सोडायचं. पट्टा टिकला की माणूस टिकला. चौतीस वर्षं मामांच्या लेखी माणूस म्हणजे तेच पोतं. तेव्हा आक्काच्या वजनाचं पोतं भरलं, वर पाच किलो जास्तीची वाळू घातली ("आक्का, हे भविष्यासाठी," "मेल्या!") आणि पोतं खुर्चीत बसवलं. पाच मजले, चार मिनिटं. कुठे अडकलं नाही, कुठे कललं नाही. मामांनी ते बारा वेळा खाली नेलं. बाई प्रत्येक वेळी शिट्टी वाजवून वेळ टिपत होत्या. पहिल्या मजल्यावरच्या लोकांनी तर पोत्याला "या, बसा" म्हणायला सुरुवात केली.

तेराव्या वेळी आक्का बसली.

पहिल्या तीन पायऱ्या ठीक गेल्या. चौथ्या पायरीला खुर्ची पुढे झुकल्यासारखी वाटली आणि आक्काच्या उजव्या हाताने कठडा पकडला. असा पकडला की खुर्ची त्या हाताभोवती गर्रकन फिरली आणि जिन्यात आडवी अडकली. आक्काचं कोपर भिंतीवर घासलं. मामा ओरडले, "हात सोड! सोड हात!" आणि आक्काने तो आणखी घट्ट धरला. शेवटी मामांनी आणि बाईंनी दोन्हीकडून उचलून तिला वर नेलं.

"हात कशाला घातलास मध्ये?" मामा धापा टाकत म्हणाले. "बारा वेळा बरोबर गेली खुर्ची!"

आक्का कोपरावर फुंकर घालत होती. "तुझ्या पोत्याला हात असते ना, तर त्यानंही कठडा धरला असता."

मामांना ते लागलं, पण समजलं नाही. त्यांनी हात बांधायला आणखी एक पट्टा शिवायला घेतला. तो पाहून आक्का एवढंच म्हणाली, "मला बांधून न्यायचं असेल तर वृद्धाश्रम काय वाईट आहे?" आणि त्याच संध्याकाळी मुलाला फोन केला. "ये रविवारी. बॅग भरून ठेवते." मामा स्वयंपाकघरात उभे राहून सगळं ऐकत होते. हातातला कप त्यांनी तीनदा धुतला.

रविवारला सहा दिवस होते.

दुसऱ्या दिवशी मास्तरीणबाईंनी मामांना जिन्यावर गाठलं. ते खुर्चीसमोर बसून ब्रेकची तार घट्ट करत होते.

"तार ठीक आहे, अहो. तुम्ही एकदा तरी बसलात का हिच्यात?"

"मी? मला चक्कर येते."

"म्हणूनच विचारते."

बाईंपुढे आजवर कुणाचं चाललेलं नाही, मामांचं काय चालणार! पट्टे आवळले गेले, बाईंनी मूठ धरली, शिट्टी वाजली. पहिली पायरी. दुसरी. तिसऱ्या पायरीला खालचा सगळा जिना मामांच्या अंगावर चालून आला.

"मामा, हात!" बाई ओरडल्या.

"कुठला हात?"

मामांनी मान वळवून पाहिलं. त्यांचाच हात कठड्यावर होता. तिथे कधी गेला, कुणाला विचारून गेला, काही कल्पना नाही. ते त्याला सोड म्हणत होते आणि तो ऐकत नव्हता. बाईंनी एकेक बोट उचलून तो सोडवला.

मामांनी स्वतःच पट्टे सोडले. मग वर गेले आणि आक्कासमोर उभे राहिले.

"आक्का, हात दाखव."

"आता भविष्य सांगणार?"

"मूठ मोजायचीय."

चौतीस वर्षांत मामांनी छाती मोजली, मांडी मोजली, वजन मोजलं. मूठ पहिल्यांदाच मोजली. आक्काचा उजवा पंजा रुंद, पकड लोहाराची. त्या मापाची एक जाड मूठ त्यांनी खुर्चीच्या पुढच्या बाजूला, बरोबर तिच्या छातीसमोर बसवली, कापड गुंडाळून, दोन्ही हातांना पुरेल अशी. आणि तिला दुसरा ब्रेक जोडला.

"घाबरलं की तू घट्ट धरतेस ना? धर. हवं तेवढं घट्ट धर. धरलंस की खुर्ची थांबेल. मी मागून काहीही करत असलो तरी थांबेल."

"मी नाही पुन्हा जिन्यात जाणार."

"जिन्यात कोण नेतंय? इथेच बघ."

त्यांनी खुर्चीत बसवून तिला खोलीत ओढलं. खुर्चीचे पट्टे फरशीवर जेमतेम सरकत होते. आक्काने मूठ दाबली. मामा धडपडले. तिने सोडली, मामांनी पुन्हा ओढलं; तिने पुन्हा दाबली. पाचव्या वेळी ती हसायला लागली. मामांना तिने दारापासून खिडकीपर्यंत अकरा वेळा थांबवलं आणि मग म्हणाली, "साठ वर्षांत पहिल्यांदा माझं ऐकतोयस." दुसऱ्या दिवशी दोन पायऱ्या. तिसऱ्या दिवशी दहा. त्यापुढे आक्का म्हणाली, "बाकीच्या रविवारी."

रविवारी भाचा आला. कागद त्याच्या खिशात होते आणि भरलेली बॅग दाराशी. आक्काने मुद्दाम ती आवरली नव्हती. "आधी बघू," ती म्हणाली. मामांच्या कपाळावर घाम होता. मास्तरीणबाई खाली वेळ घ्यायला थांबल्या. भाचा पुढे उलटा उतरत होता, दोन्ही हात पसरून, जणू काही झालं तर एकटा आई, खुर्ची आणि मामा झेलणार होता.

शिट्टी वाजली. पहिली पायरी, चौथी, आठवी. आक्काच्या दोन्ही हातांत मूठ. वळण आलं, वळण गेलं. चौथ्या मजल्यावर खुर्ची खाडकन थांबली.

भाच्याचा चेहरा पांढरा पडला. "आई! अडकली? मामा, काय झालं?"

"मी थांबवली," आक्का म्हणाली. ती मास्तरीणबाईंच्या उघड्या दारातून आत बघत होती. "पडदे बदलले वाटतं बाईंनी. मला बोलल्या नाहीत."

"आई, चल!"

तिसऱ्या मजल्यावर नवीन बाळ होतं. पाच वर्षं आक्काला इमारतीतल्या बाळांचं नुसतं रडणं वर ऐकू यायचं; जवळून दिसलं ते हे पहिलंच. तिथे एक थांबा. दुसऱ्या मजल्यावर तेल पेटलेलं घर. घरची बाई शरमून आत जाणार, तोच आक्काने तिला हाक मारली आणि हात हातात घेतला. "होतं गं. तुझा हात भाजला होता ना, बरा आहे?" तिथे सगळ्यात मोठा थांबा.

खाली पोचले तेव्हा बाईंनी घड्याळ दाखवलं. सतरा मिनिटं.

भाचा पायरीवर बसला. "सतरा मिनिटं! आग असती तर?"

"आग असती तर मी पडदे बघत बसले असते का रे? चल, लिफ्टने वर. या वेळी मागची मूठ तू धर. मामा काय, बाजारात गेलेला असेल, झोपलेला असेल. तुला यायला हवं."

भाचा नको म्हणाला. मग हो म्हणाला. मामांनी त्याला एकदाच दाखवलं: दाबलं की चालते, सोडलं की थांबते. आणि स्वतः एक पायरी मागे राहिले, हात पाठीशी बांधून. ते बांधून ठेवणं हे त्या दिवसातलं त्यांचं सगळ्यात अवघड काम होतं. भाचा पहिल्या वळणावर घाईत आला, तेव्हा आक्काने मूठ दाबली आणि खुर्ची थांबली. "हळू," ती म्हणाली. त्यानंतर खुर्ची एकदाही थांबली नाही. चार मिनिटं, दहा सेकंद.

भाच्याने घाम पुसला. खिशातले कागद काढले, पण फाडायच्या आधी त्यांवरचा वृद्धाश्रमाचा नंबर फिरवला. पोरगं शिस्तीचं, न कळवता जागा अडवून ठेवणं त्याला पटेना. "आई येणार नाही," तो म्हणाला. मग का नाही, ते सांगू लागला. सांगता सांगता पट्टे आले, ट्रेडमिल आलं, दोन मुठी आल्या. मग तो थांबला आणि पलीकडचं ऐकू लागला.

"मामा," त्याने फोन पुढे केला. "त्यांच्याकडे तळमजल्यावर सहाच खोल्या आहेत. वर चौदा जण आहेत. आश्रमाच्या बाई विचारतायत, अशी खुर्ची आणखी होईल का. वजनं सांगते म्हणाल्या."

मामांनी फोन कानाला लावला. पलीकडून आकडे सुरू झाले, साठ किलो, बहात्तर किलो. त्यांनी दोन ऐकले आणि म्हणाले, "वजनं राहू द्या, बाई. मी मंगळवारी येतो. मला त्यांच्या मुठी बघायच्यात."

तेवढ्यात मास्तरीणबाईंनी बातमी आणली, की लिफ्ट बंद पडली आहे आणि दुरुस्तीवाला संध्याकाळशिवाय येत नाही.

भाच्याने खुर्चीकडे पाहिलं. "ही वर नाही जात?"

"आगीत वर कोण जातं?" मामा म्हणाले.

आक्काला काही घाई नव्हती. तिने खुर्ची फाटकाशी न्यायला लावली, मूठ घट्ट दाबून ठेवली आणि समोरून येणाऱ्या पहिल्याच माणसाला विचारलं, "काय हो, ती निळी पिशवी रोज कुठून आणता?"